कवडशाचं माप

दार वाजत होतं, पण बाराला अजून दोन मिनिटं कमी होती. ती फरशीवर गुडघे टेकून बसली होती. चिमटीत शर्टाचं पांढरं बटण होतं, शेजारी गोंदाची बाटली. बाहेरून मुलाची हाक आली, "आई!" तिने ओ दिली नाही. ओ दिली असती तर नजर हलली असती, आणि कवडसा काही कुणासाठी थांबत नाही. घड्याळाचे दोन्ही काटे एकावर एक आले, तसं तिने कवडशाच्या बरोबर मध्यावर बटण दाबून धरलं, दहा आकडे मोजले, आणि मग पलंगाचा आधार घेत उठली.

दार उघडलं तर मुलगा घामाने निथळत होता. हातात मोठी रिकामी बॅग.

"मला वाटलं, पडलीस की काय."

"पडले असते तर खालच्या काकूंनी आधी तुला फोन केला असता," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला वळली.

काकूंनी फोन केलाच होता. पावसाळाभर पत्र्याच्या भोकातून पाणी गळत होतं, तरी तुमच्या आईंनी पत्रेवाल्याला दोनदा परत पाठवलं. खाली पातेलं ठेवतात, पण भोक बुजवू देत नाहीत. जमिनीवर बटणं चिकटवतात. रविवारी दुपारी कुणालाही दार उघडत नाहीत. आणि मग आवाज खाली आणून काकूंनी तो शब्द उच्चारला होता. मुलाने आईला फोनवर बाकी सगळं सांगितलं, तो शब्द तेवढा गाळला. पण एक्केचाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या बाईला, कापड कुठे दुमडून लपवलंय, ते न उलगडता कळतं. म्हातारचळ. एवढाच शब्द त्या जागी बसत होता. आता तू आमच्याकडेच राहायचं, महिनाअखेरीला खोली सोडून देऊ, असं तो म्हणाला तेव्हा ती "बरं" म्हणाली होती. कारण तिची तिलाही खात्री उरली नव्हती.

मागच्या थंडीत डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून तिने मशीन विकून टाकलं. मग दिवस नुसता अंगावर यायला लागला. अशाच एका दुपारी पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकातून आलेला कवडसा तिला फरशीवर दिसला, नाण्याएवढा, गोल. हाताची जुनी खोड. खुणेला म्हणून तिने तिथे एक बटण ठेवलं. पुढच्या रविवारी, त्याच ठोक्याला, कवडसा बटणावर नव्हता. बोटभर सरकला होता. तिला हसू आलं. गिऱ्हाइकं अंगाने सुटतात, वाळतात, पण उन्हाचंही माप बदलतं, हे साठ वर्षांत कधी बघितलं नव्हतं. तिने दुसरं बटण चिकटवलं. मग तिसरं. पुष्कळ वर्षांनी तिला पुढच्या रविवारची वाट बघावीशी वाटली.

मुलगा पाणी पिऊन थेट कामाला लागला होता. कपाटातले तिचे कपडे बॅगेत भरताना तो खाली बघायचं टाळत होता, पण बटणांवर पाय पडू नये म्हणून जपूनही चालत होता. ती पलंगावर बसून त्याच्याकडे बघत राहिली.

तिला तिच्या सासूबाई आठवत होत्या. सत्तरीत त्यांना मशीनचं वेड लागलं. शिवायचं नव्हे. खालच्या मोठ्या चाकाला लाल दोरा बांधायचा, चाक हळूहळू फिरवायचं आणि ओठ हलवत बसायचं. एकदा शाळेचे शंभर गणवेश शिवायचे होते, चाक फिरवताना त्यांच्याकडून सुई मोडली, आणि तिने आलेल्या चार बायकांसमोर तो शब्द सासूबाईंच्या तोंडावर मारला. त्या दिवसापासून शिवण झाली की मशीनचा पट्टा काढून कपाटात कुलपात. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढची दोन वर्षं त्या खिडकीशी बसल्या, हात मांडीवर ठेवून, अगदी जाईपर्यंत. जेवल्या, झोपल्या, विचारलं तेवढंच बोलल्या. कशालाही हात मात्र पुन्हा लावला नाही.

"बॅग राहू दे जरा," ती म्हणाली. "इकडे ये. तू जमिनी मोजतोस, नकाशे काढतोस, म्हणून विचारते."

तो आला. तिने बोटाने दाखवलं. बटणांची रांग भिंतीपासून निघून खोलीभर गेली होती, वळली होती आणि परत येताना स्वतःलाच छेदून पलीकडे गेली होती. मध्ये पावसाळ्यातली रिकामी जागा होती. छेदल्या जागी एकावर एक दोन बटणं.

"एप्रिलात इथे होता. पाऊस सरताना पुन्हा इथेच येऊन बसला. तिथून उलट्या बाजूला गेला. तेव्हापासून झोप नाही मला. घड्याळ चुकलं, की मी चुकले?"

मुलगा उकिडवा बसला. शेताची हद्द बघावी तसा एक डोळा मिटून त्याने रांग न्याहाळली, इकडून आणि मग तिकडून. बराच वेळ.

"नाही चुकलीस," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "एकही चुकलेलं नाही, आई. वर्षभर एकाच ठोक्याला खुणा केल्या की ऊन असंच स्वतःला छेदून जातं."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. आजचं बटण आणि अगदी पहिलं बटण यांच्यात अजून दोन वितींची जागा मोकळी होती. मुलाचं बोट त्या जागेवरून हवेतच वळण घेऊ लागलं, तेव्हा तिने ते मुठीत धरलं.

"सांगू नकोस."

बोट तिच्या मुठीतच राहिलं. ती म्हणाली, "तुझ्या आजीला मी कधी विचारलंच नाही रे, ती चाक फिरवून काय बघायची ते."

"मोठं चाक एकदा फिरलं की सुई किती वेळा खाली जाते, ते मोजायची."

"तुला काय माहीत?"

"मी विचारलं होतं."

तो तेव्हा सात वर्षांचा होता. ती पदराने चष्म्याची काच पुसत राहिली, स्वच्छ झाली तरी पुसत राहिली.

"जानेवारीत पुरं होईल हे," तो शेवटी म्हणाला. "मग नेऊ तुला? तोवर तुझ्या सुनेला मी सांगतो काहीतरी."

ती फरशीकडे बघत होती.

"जानेवारीत टोकं जुळतील म्हणतोस. पण पुढच्या वर्षी तो ह्याच बटणांवरून जातो की नाही, ते बघायला नको?"

मुलाने तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला, पाय जपून टाकत बॅगेपाशी गेला, आणि तिचे कपडे एकेक करून कपाटात परत ठेवायला लागला. घड्या सगळ्या उलट्यासुलट्या पडत होत्या. तिने त्याला एकदाही टोकलं नाही.