सोपं करून सांगितलेलं

ताईची नोकरी म्हणजे उंदरांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या मोजणं. अल्झायमर झालेल्या उंदराची रक्तवाहिनी आखडते, मेंदूला रक्त पुरत नाही. एक औषध दिलं की ती केसभर रुंदावते. या केसभराबद्दल तिला मागच्या वर्षी बक्षीस मिळालं होतं. घरी मात्र खऱ्याखुऱ्या अल्झायमरच्या आईला न्हाऊ घालणं, भरवणं, ओले कपडे बदलणं हे सगळं धाकट्या भावाकडे. तो शिंपी, मशीन घरातच, म्हणून आईही त्याच्याच वाट्याला आली. ताई रविवारी यायची, फळं आणायची आणि अक्कल शिकवून जायची.

अशाच एका रविवारी जेवताना भावानं विचारलं, "ताई, तू तिथं नक्की करतेस तरी काय? सोपं करून सांग ना."

सोपं करून सांगण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. "अरे, आपलं शरीर स्वतःचा गांजा स्वतःच बनवतं. म्हणजे त्याच्यासारखंच रसायन. त्यानं रक्तवाहिन्या सैल राहतात. आईच्या डोक्यात त्याचा तुटवडा झालाय असं समज."

"मग बाहेरून घातला तर?"

"उंदरांना तरी फरक पडतोय," म्हणत ती फोनकडे वळली. उंदरांचं औषध वेगळं, डोस वेगळा, माणसांचं अजून काहीच सिद्ध नाही, हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. तिनं ती वाचवली.

भावानं कुठूनशी गांजाच्या तेलाची बाटली मिळवली. शिंप्याच्या हाताला माप पक्कं. रोज सकाळी आईच्या जिभेखाली चार थेंब, पाचवा नाही. तिसऱ्या आठवड्यात आई पलंगावरून उठायला गेली, रक्तदाब एकदम उतरला आणि ती कोसळली. खुबा मोडला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ताई त्याच्यावर तुटून पडली. "डोकं गहाण टाकलं होतंस का? रक्तदाबाची गोळी चालू असताना गांजाचं तेल?"

"तूच म्हणाली होतीस ना?"

"मी उंदरांबद्दल बोलत होते!"

"मला वाटलं, आईबद्दल बोलतेयस." भाऊ म्हणाला. "ताई, या तीन आठवड्यांत तिनं मला दोनदा ओळखलं. 'बाळ्या, जेवलास का' म्हणाली. थेंबांमुळे की असंच, देव जाणे. पण मी चार वर्षं त्याची वाट बघत होतो."

ताईला त्याचा राग आला आणि हेवाही वाटला. परवाच आई तिला म्हणाली होती, "बाई, तुमचं काम झालं असेल तर निघा."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "तेल कुणी दिलं?"

"मीच. माझ्या मनानंच आणलं," भाऊ म्हणाला. "मी काही फारसा शिकलेला नाही." आणि ताई काहीतरी बोलेल म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईही तिच्याकडेच वळल्या. "तुम्ही तर यातल्याच. घरच्यांना नीट समजावायचं नाही का?"

खरं ताईच्या जिभेवर आलं होतं. मग हे कळलं तर प्रयोगशाळेत होईल ती कुजबुज मनात आली, पुढचा प्रकल्प आठवला, आणि तिनं ते गिळलं.

"किती वेळा समजावलं, डॉक्टर," ती म्हणाली. "ऐकेल तर शपथ."

त्यानंतर भावानं तिला कधी ताई म्हटलं नाही.