ओटेरोच्या नावापुढचा चौकोन

शेवटचं बटण लावायला गेले तेव्हा चंद्रशेखरांच्या लक्षात आलं, की आता काजच उरलेलं नाही. सुरुवातच चुकली होती. त्यांनी सुहासिनीच्या स्वेटरची सगळी बटणं पुन्हा सोडली आणि वरपासून लावायला घेतली. अमेरिकेत वूस्टरच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं माणसांच्या हृदयांना टाके घातले होते या हातांनी. स्वेटर मात्र नऊ महिन्यांत जमला नव्हता.

सुहासिनी खुर्चीत निमूट बसून होती. मार्चमध्ये स्ट्रोक आल्यापासून तिचा उजवा हात ठेवावा तिथे राहायचा. शब्दांचंही तसंच. हवा तो यायचा नाही, भलताच पुढे यायचा. त्यामुळे ती फारसं बोलेनाशी झाली होती.

डायनिंग टेबलवर चारुता एका कागदावर वाकली होती. त्यांची ही एकुलती एक मुलगी बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात बेसबॉलवर लिहायची. सलग दहा वर्षं हे काम केलेल्या पत्रकारांना हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे निवृत्त थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, मत देता येतं. तिचं हे पहिलंच बॅलट, पहिलीच मतपत्रिका, आणि ते भरायला ती नाताळच्या सुट्टीत मुद्दाम श्रूजबरीला घरी आली होती.

"सहा नावांवर खुणा केल्या. सातवं अडलंय," ती म्हणाली.

"ओटेरो?"

"ओटेरोच. बॅलटवरचं शेवटचं वर्ष आहे त्याचं, यंदा नाही तर नाहीच. आणि परवा एकतीस, शेवटची तारीख. आज पोस्टात पडायलाच हवं."

रॅमन ओटेरो एकोणीस वर्षं खेळला, पण त्यातली सोळा वर्षं त्याने हातात ग्लव्ह घातला नाही. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, ऐवजी बॅटिंग करायला संघात एक वेगळा माणूस असतो, तो हा. पाळी आली की उठायचं, चेंडू टोलवायचा आणि परत बाकावर येऊन बसायचं. फिल्डिंग बाकीच्यांनी करायची. त्याच्यासारखा टोला त्या काळात दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे चंद्रशेखरही मान्य करायचे.

"अर्धा खेळाडू आहे तो," ते म्हणाले. "उन्हात उभं राहायचं नाही, धावायचं नाही, कॅच सोडायची भीती नाही. सगळा खेळ खेळलेल्यांच्या पंक्तीला त्याला कसं बसवणार?"

"मग पिचरचं काय? तो बॅट हातात धरत नाही. त्याला आपण डोळे झाकून निवडतो."

"पिचरचं वेगळं."

"वेगळं कसं?"

चंद्रशेखर सुहासिनीच्या स्वेटरची कॉलर सारखी करू लागले.

चारुताने पेन खाली ठेवलं. "बाबा, रागावू नका हं. तुम्ही यायचात, ऑपरेट करायचात, जायचात. रात्रभर पेशंटपाशी नर्सेस. घरी सोडायला, औषधं समजावायला दुसरंच कुणीतरी. मग तुम्ही अर्धे डॉक्टर का?"

"ते वेगळं," ते म्हणाले, आणि हेच आपण आत्ताच म्हणालो होतो हे त्यांना आठवलं.

ते बायकोकडे बघायचं टाळू लागले. चारुताच्या शाळेच्या मीटिंगा, पियानोचे क्लास, बर्फातलं ड्रायव्हिंग, नाशिकहून आलेल्या पाहुण्यांची उठबस, सगळं हिने केलं होतं. त्यांची पाळी आली की ते यायचे. मोठा डॉक्टर म्हणून महाराष्ट्र मंडळाने शाल त्यांच्या खांद्यावर घातली, तेव्हा ही तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. इतक्या वर्षांत हे कधी मनात आलं नव्हतं, आणि आज एका कागदामुळे का यावं?

"बसून," सुहासिनी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"काय आई?"

"बसून… बसून…" पुढचा शब्द येईना. तिने डावा हात हवेत हलवला. "छत्री. नाही. छत्री नाही."

"सावकाश," चंद्रशेखर म्हणाले. त्यांनी तिच्यासमोर खुर्ची ओढली. तिला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं असं वाटलं आणि कानांच्या पाळ्या तापल्या. "कळलं मला. तुझं बरोबर आहे, सुहास. मी या घरात नुसती बॅटिंगच केली. तू—"

तिने डाव्या हाताचा तळवा टेबलावर आपटला. कागद हलला.

"तुम्ही नाही!"

गेल्या नऊ महिन्यांत इतके स्वच्छ दोन शब्द त्यांनी ऐकले नव्हते.

"तो," ती म्हणाली. तिने बॅलटकडे बोट दाखवलं. "सगळे पळतात. तो बसतो. बसून बसून… गार. आणि मग एकदम म्हणतात, ऊठ. मार." तिला दम लागला. "कठीण आहे."

चंद्रशेखरांनी बायकोकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. उन्हाळाभर ते टीव्हीवर मॅच लावायचे, तेव्हा ही बाजूच्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेली असायची. झोप मोडू नये म्हणून ते आवाज बारीक करायचे.

"तू मॅच ऐकत होतीस?"

"रोज," ती म्हणाली आणि खिडकीकडे बघू लागली.

चारुताने पेन उचललं. चंद्रशेखर मुद्दाम उठून सिंकपाशी गेले. परतले तेव्हा लिफाफा बंद झाला होता. त्या चौकोनात खूण झाली की नाही हे त्यांनी विचारलं नाही. चारुता कोट घालून पोस्टात गेली. परत आली ती बाहेरच्या थंडीबद्दल बोलत.

चारुता बॉस्टनला गेल्यावरही चंद्रशेखरांना सुहासिनीचं ते 'कठीण आहे' सोडेना. ती ओटेरोबद्दल बोलली होती, की स्वतःबद्दल? की छत्रीसारखंच ते, चुकीच्या जागी येऊन पडलेलं? स्पीच थेरपिस्टला विचारावं असं दोनदा मनात आलं. पण विचारायचं काय, हेच ठरेना. ते पूर्वीसारखे सकाळी तिला खुर्चीत बसवत, दुपारी आरामखुर्चीत, संध्याकाळी पुन्हा खुर्चीत. फक्त आता बसवताना त्यांचे हात जरा थबकत.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन आला. चंद्रशेखर वरणाला फोडणी द्यायच्या तयारीत होते.

"ओटेरोची निवड नाही झाली, बाबा," चारुता म्हणाली. "सात मतं कमी पडली. मी दिलं होतं."

"बरं केलंस," ते म्हणून गेले. आणि मग त्यांनाच नवल वाटलं. ओटेरो अर्धाच खेळाडू होता, हे त्यांचं मत तसूभर हललं नव्हतं. स्वतःच्या हाती बॅलट असतं तर त्यांनी तो चौकोन कोराच ठेवला असता. मग सात मतं कमी पडली म्हणताना इतकं वाईट का वाटावं? त्यांनी फोन ठेवला आणि गॅस बारीक केला.

"सुहास, तुझा ओटेरो गेला. सात मतांनी."

तिने ऐकलं. मग तिने डाव्या हाताने टेबलाची कड धरली आणि पायांवर भार देऊ लागली. चंद्रशेखर धावले.

"अगं, काय हवंय? मी देतो ना. बस तू."

"नाही," ती म्हणाली. "फोडणी मी."

ते काहीतरी म्हणणार होते. तेल गरम आहे, एका हाताने कसं, डॉक्टरांनी सांगितलंय. मग त्यांनी तिच्या उजव्या बगलेखाली हात घातला आणि दोघं अडखळत गॅसपर्यंत आली. तिने डाव्या हाताने मोहरी घेतली. अर्धी ओट्यावर सांडली, अर्धी कढल्यात पडून तडतडली. ती हिंगाच्या डबीकडे वळली. आता तिला धरायचं की सोडायचं ते त्यांना कळेना. तिच्या कमरेपासून चार बोटं अंतरावर दोन्ही हात उघडे धरून ते मागे उभे राहिले.