या नावाचा कैदी
आंबवड्याचे गेनूआबा शंभरीला टेकले होते आणि त्यांचा राग ऐंशी वर्षांचा होता, तोही सख्ख्या आईवर. बेचाळीस साली इंग्रजांच्या तारा तोडायला सारोळ्याकडे निघालेल्या पोराला सगुणाबाई म्हणाली होती, "उंबरा वलांडलास तर तुजं त्वांड बगनार न्हाई." बाईनं शब्द पाळला, असं आबा सांगत. पुण्याच्या तुरुंगात सव्वा वर्ष काढलं. कुणाची आई यायची, कुणाची बायको, यांच्याकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही. सुटून आले तर चूल थंड, आई महिन्यापूर्वीच गेलेली. मेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पण आबा भांडत राहिले. बायको गेली, मुलं शहराला लागली, घरात एकटा जीव उरला, तरी ते भांडण काही मिटेना.

एका सकाळी भोरच्या कॉलेजातली प्रेरणा आली. "आबा, तुमची मुलाखत घ्यायचीय."

आबा खवळले. "तुरुंगात मुलाखत म्हंजी घरचं मानूस भेटाया येनं. माजी एक बी झाली न्हाई. तू आता काय घेतीस?"

पोरगी चाचरली. तुरुंगाच्या जुन्या दप्तरात तिनं आठ दिवस घातले होते आणि गेनू नावाचा कैदीच तिला सापडला नव्हता. म्हाताऱ्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं? शेवटी तिनं सांगून टाकलं.

"घावंल कसा?" आबा हसले. "म्या मानसिंग सांगितलं व्हतं. आमच्यातली बरीच जनं खोटी नावं सांगायची. खरं सांगितलं आसतं तर आईच्या घरावर जप्ती आली आसती."

"मग हे कुणाचे?" तिनं दप्तरातून झेरॉक्स करून आणलेले चार कागद पुढे केले. भेटीचे नामंजूर अर्ज. कैद्याचं नाव गेनू. अर्जदार सगुणाबाई, राहणार आंबवडे. खाली अंगठा. चारही कागदांवर शेरा एकच: या नावाचा कैदी येथे नाही.

आबांनी तिच्याकडून तो शेरा दोनदा वाचून घेतला.

"तवा यष्टी कुठली?" ते म्हणाले. "कात्रजचा घाट चालत गेली आसंल. चार डाव. आन् म्या आत बसून तिलाच शिव्या घालत व्हतो."

प्रेरणानं मुलाखत रेकॉर्ड करायला काढलेला मोबाईल पिशवीत टाकला.

"जा बाय तू," आबा म्हणाले. "कागूद ऱ्हाऊं दे."

ती गेली. आबांनी दार लोटलं. इतकी वर्षं रागाची तरी सोबत होती, आता तीही गेली. कधी नव्हे इतकं त्यांना एकटं वाटलं. वरचा कागद त्यांनी गुडघ्यावर घेतला, हातानं नीट सारखा केला आणि त्या अंगठ्याला म्हणाले, "आये, म्या हितंच व्हतो गं."