पाटावर कोण बसणार

पत्नीवाचून कन्यादानाला बसता येतं का, हे भटजींना विचारायला प्रभाकरला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या वेळी ओसरीवर माणसं होती म्हणून तो नुसता नमस्कार करून परतला. दुसऱ्या वेळी भटजी जेवत होते. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, "काय हो, काही काम होतं का? दोन दिवसांपासून पाहून राहिलो, तुम्ही येता अन् जाता."

"स्मिताचं लग्न आहे," प्रभाकर म्हणाला.

"ते माहीतच आहे. मीच लावणार आहे."

मग प्रभाकरने विचारलं. पोथीतला एखादा अवघड शब्द विचारावा तसं, स्वतःशी काही संबंध नसल्यासारखं. भटजी हसले. "बसता येतं ना. पत्नीच्या जागी सुपारी लावायची कमरेला. शास्त्रात सोय आहे. पण लोक काय करतात, घरात जोडपं असलं की त्यालाच बसवतात. शोभून दिसतं. तुमचे दादा-वहिनी आहेत ना पांढुर्ण्याला?"

"आहेत."

"मग झालं तर," भटजी म्हणाले. त्यांच्या लेखी प्रश्न सुटला होता.

प्रभाकरने सौंसरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पुस्तकं सांभाळली होती आणि नुकताच निवृत्त झाला होता. पुस्तकं मागावी लागत नाहीत, ती आपणहून उघडतात, म्हणून त्याचं त्यांच्याशी जमलं. माणसांकडे काही मागायचं म्हटलं की तो वाक्यच जुळवत बसे आणि वेळ निघून जाई. बायको होती तोवर चाललं. दुकानदाराला, डॉक्टरला, घरमालकाला, सगळ्यांना शोभाच सांगे. ती गेली तेव्हा स्मिता एकोणीस वर्षांची होती. मग पाच वर्षं ते दोघंच. तो पोळ्या लाटी, स्मिता भाजी. दोघं जेवताना वाचत, आणि एखादं वाक्य आवडलं की पुस्तक फिरवून समोरच्याला दाखवत. त्या घरात बोलणं कमीच होतं, पण रिकामं कधी वाटलं नाही.

पत्रिका छापून आल्या त्या दिवशी स्मिता म्हणाली, "बाबा, पाटावर तुम्हीच बसाल ना?"

"बघू."

"बघू नका. मला दुसऱ्या कोणाच्या हातून जायचं नाही."

ती एवढं स्पष्ट कधी बोलत नसे. आईचाच आवाज. प्रभाकरने मान हलवली. पण तशी रीत सोडायची तर दादाला आधी सांगायला हवं. वडील गेल्यापासून घरातलं प्रत्येक कार्य दादाने पुढे होऊन केलं होतं, शोभाचं तेरावंसुद्धा. परस्पर ठरवलं तर त्याला टाकून दिल्यासारखं होईल. तेव्हा पहिली पत्रिका द्यायला पांढुर्ण्याला जायचं आणि तिथेच सांगून टाकायचं, असं ठरलं.

माघ संपत आला होता. मृगाची संत्री उतरत होती, आणि रस्त्याच्या कडेला खोक्यांनी भरलेले ट्रक नागपूरच्या वाटेला तोंड करून उभे होते. बसमध्ये प्रभाकरला खिडकीजवळ जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत पत्रिका आणि पाव किलो पेढे. मोहगाव येईपर्यंत त्याने वाक्य तयार केलं: 'दादा, कन्यादानाला मी बसावं म्हणतो.' मग वाटलं, 'म्हणतो' फारच ठाम झालं. 'बसलो तर चालेल का?' हे बरं. पण विचारलं की नाही म्हणायला वाव राहतो. त्याने स्मिताचं नाव पुढे करून पाहिलं: 'पोरीची इच्छा आहे.' तेही बरोबर वाटेना. इच्छा तर त्याचीही होती. गेली पाच वर्षं लोकांनी कार्यात त्याला मागच्या रांगेत बसवलं होतं आणि त्याला ते सोयीचंही वाटलं होतं. हे एकच काम असं होतं, की जे दुसऱ्याने केलं तर आपण स्मिताचे नक्की कोण, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पडला असता.

पांढुर्ण्याला उतरला तोवर त्याचं वाक्य पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं.

सुधाकरदादा रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाला होता, पण आवाज अजून मालगाडीच्या पलीकडे पोचेल असाच होता. "ये, ये! उषा, पाहा कोण आलं! सौंसरचा विद्वान! अरे, उन्हात टोपी तरी घालायची. डोक्यात पुस्तकं भरली म्हणून ऊन लागत नाही का?"

"दादा, पत्रिका..."

"ते होईल रे. आधी पाणी पी. पेढे आणले का? किती? पाव किलो? पोरीच्या बापाला एवढाच जोर!" दादा हसला, आणि पत्रिका हातात आल्यावर मात्र नीट सावरून बसला. चष्मा लावून त्याने ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. "शोभाचं नाव वर घातलं, हे चांगलं केलं," तो म्हणाला.

हीच वेळ होती. प्रभाकरने पिशवी खाली ठेवली. "दादा, एक बोलायचं होतं. कन्यादानाचं..."

"ते काय बोलायचं? आम्ही आहोत ना!"

आतून उषावहिनी हात पुसत आल्या. त्यांना तीन मुलं, तिन्ही मुलगे. तिघंही नोकरीनिमित्त बाहेर पांगलेले. "भाऊजी, थांबा, तुम्हाला काही दाखवायचं आहे," म्हणून त्या आत गेल्या आणि कागदात गुंडाळलेली एक जांभळी नऊवारी घेऊन आल्या. "नागपूरला महालातल्या दुकानातून आणली. यांना किंमत सांगितली नाही अजून."

"सांगू पण नको," दादा म्हणाला.

"लग्न ठरल्याचं कळलं त्याच दिवशी मनात म्हटलं, पाटावर बसायला नवी हवी." वहिनींनी पदर उलगडून दाखवला. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "माझ्या नशिबात लेक नाही, भाऊजी. तीन सुना आणल्या, सगळ्यांच्या आयांनी पाणी सोडलं, मी समोर बसून पाहिलं. वाटायचं, आपल्या हातून हे काही घडणार नाही. स्मितामुळे घडून राहिलं. तुम्हाला कसं सांगू!"

दादा दाराबाहेर बघू लागला. प्रभाकर साडीचा काठ बघत राहिला.

"तुम्ही काय म्हणत होते? कन्यादानाचं?" वहिनींनी विचारलं.

"हेच," प्रभाकर म्हणाला. "तुम्ही दोघांनी बसायचं. तेच सांगायला आलो होतो."

परतीच्या बसमध्ये त्याला वाक्य जुळवायचं काम नव्हतं. त्याने वहिनींच्या आनंदासाठी आपली जागा सोडली होती. तेवढं स्वतःशी म्हणून त्याला बरं वाटलं. पण लगेच दुसरा विचार आला: समोर साडी नसती, वहिनी बाहेर आल्याच नसत्या, तरी आपण बोललो असतो का?

स्मिता दारातच उभी होती. "सांगितलं?"

"काकूंनी नवी साडी घेतली आहे," तो म्हणाला. "त्यांना फार आनंद झाला."

तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. "बरं," एवढंच म्हणाली, आणि पानं वाढायला आत गेली. त्या दिवशी जेवताना दोघांपैकी कोणी पुस्तक उघडलं नाही.

लग्न दुपारच्या मुहूर्तावर होतं. कन्यादानाला बसणाऱ्यांनी तोवर उपाशी राहायचं असतं, म्हणून दादा सकाळपासून कुरकुरत होता. "उषा, भज्यांचा वास इकडं येऊन राहिला. मोतीरामला सांग, कढई तिकडं ने." वहिनी हसत होत्या, त्यांना भूक आठवतच नव्हती. मोतीराम आचारी प्रभाकरकडे पोह्यांची बशी घेऊन आला. "घ्या जी, वधूपित्याला दिवसभर धावायचं आहे." प्रभाकरने बशी घेतली आणि मोतीराम आत गेल्यावर मांडवाबाहेर एका म्हाताऱ्या हातगाडीवाल्याला देऊन टाकली. दुसऱ्यांदा चहा आला, तोही.

अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली. दादा-वहिनी पाटावर बसले. जांभळी साडी खरंच शोभून दिसत होती. खाली काशाचं भांडं, वर दादाची ओंजळ, तिच्यावर वहिनींच्या हातातल्या तांब्याची धार. वहिनींनी शेवटपर्यंत धार तुटू दिली नाही. प्रभाकर मांडवाच्या खांबापाशी उभा होता. तिथून त्याला स्मिताचा हात दिसत होता, चेहरा नाही. तो अर्धं पाऊल पुढे सरकला. त्याच वेळी स्मिताने मान वर करून इकडे-तिकडे पाहिलं.

"काका, जरा बाजूला व्हा ना," नागपूरहून आलेला फोटोग्राफर म्हणाला. "फोटोत येऊन राहिले तुम्ही."

प्रभाकर बाजूला झाला. स्मिताची नजर खांबापर्यंत आली तेव्हा तिथे फोटोग्राफर होता.

संध्याकाळी ती गेली. जीपमध्ये बसताना वहिनींच्या गळ्यात पडून रडली. प्रभाकरपाशी मात्र रडली नाही. त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी उघडी होती, ती लावली आणि म्हणाली, "वेळेवर जेवत जा." त्याला पुष्कळ बोलायचं होतं. "हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा-वहिनींना सोडायला तो बसस्टँडवर आला. बस लागताच दादा खिडकीतून रुमाल टाकून वर चढला आणि जागेवरून कोणाशी तरी भांडू लागला. खाली वहिनी आणि प्रभाकर उरले.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "मोतीराम सांगत होता, काल तुम्ही सकाळपासून काहीच खाल्लं नाही. कन्यादान झाल्यावर पाणी मागितलं म्हणे."

"पित्त झालं होतं."

"पित्त नाही." वहिनींनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही दुसरंच काही सांगायला आले होते का? खरं सांगा. तुम्हाला बसायचं होतं?"

असं थेट त्याला आजवर शोभाशिवाय कोणी विचारलं नव्हतं. वाक्य तयारच होतं, त्याला शब्द शोधायचे नव्हते. वहिनींच्या हातावर कालची हळद अजून होती. रात्रभर न झोपलेला त्यांचा चेहरा तरीही उजळलेला होता, आणि आता त्यावर एक भीती येऊन उभी राहिली होती.

"नाही वहिनी," प्रभाकर म्हणाला. "मला ते मंत्र, ते विधी काय जमतात? चारचौघांत हात थरथरतो माझा. तुम्ही होता म्हणून नीट झालं."

"नक्की?"

"नक्की."

त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं, की आवाज अजिबात अडखळला नव्हता. पांढुर्ण्याला तो गप्प बसला ते भिऊन की मायेनं, हे त्याला अजूनही ठरवता येत नव्हतं. आजचं मात्र ठरवून होतं.

वहिनींनी श्वास सोडला. "मग बाई सुटले मी! रात्रभर जिवाला घोर होता."

"उषा! येतेस का, की भाऊजींकडेच राहतेस?" वरून दादा ओरडला. त्या चढल्या. बस वळली, फाटकातून बाहेर पडली.

घरी जायची घाई नव्हती. मांडववाले दुपारी येणार होते. प्रभाकर कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत बाकावर बसला. टपरीवाला ओळखीचा नव्हता, पण गाव लहान.

"तुमच्याच घरी लग्न होतं ना जी काल? चांगलं झालं म्हणतात."

"हो."

"एकच लेक?"

"एकच."

"मग सुटले तुम्ही. कन्यादान केलं, याहून मोठं पुण्य नाही बाप्पा." त्याने कप समोर ठेवला.

प्रभाकरने तो उचलला नाही. असल्या बोलण्यावर मान हलवायची त्याची जुनी सवय होती. कपातल्या चहावर साय धरू लागली होती.

"मी नाही केलं," तो म्हणाला. "मला करायचं होतं. पण मी नाही केलं."

छिंदवाड्याची बस लागत होती. टपरीवाला चार ग्लास एका हातात धरून तिच्याकडे पळाला होता.