मशिनची जागा

“अम्मी, परत चुकलं!” उझ्माने कपाळाला हात लावला.

ती आईला प्रश्न विचारत होती. उद्या निगडीला आईची, फरीदाची, विमा एजंटची परीक्षा होती आणि कमर्शिअल जनरल लायबिलिटीच्या धड्याशी तिचं उभं वैर होतं. मागच्या खेपेला याच धड्यावर चिडून ती नापास झाली होती. तसं त्यात अवघड काही नव्हतं. आपल्या धंद्यामुळे तिऱ्हाइताला इजा झाली, तर भरपाई विमा कंपनी देते. पण अपघातानंतर धंदेवाल्याने काय करावं, असा प्रश्न आला की फरीदा ठणकावून सांगे, “चूक कबूल करावी, खर्च अंगावर घ्यावा.” पुस्तक म्हणे, कंपनीला कळवा, तिला विचारल्याशिवाय कबुली नको, पैशाचा शब्द नको.

“हे लिहिणारा भोसरीत राहिलेला दिसत नाही,” ती फणकारली.

तिचा नवरा सरदार भोसरीत लोखंडी शिड्या बनवायचा. काही वर्षांपूर्वी एका शिडीचा जोड सुटला आणि धम्मपाल पेंटर पाय मोडून पडला. सरदार तेलकट कपड्यांनिशी दवाखान्यात गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “जोड माझा होता, भावा. चूक माझी.” उपचारासाठी त्याने प्रेस मशिन विकलं. मशिनचे बोल्ट वर्कशॉपच्या जमिनीत तसेच राहिले. त्या कबुलीचा फरीदाला केवढा अभिमान होता! पण त्या रिकाम्या जागेकडे मात्र तिला बघवत नसे.

सरदार जेवता जेवता ऐकत होता. “मी केलं ते बरोबरच. पण विमा असता तर पायही नीट झाला असता अन् मशिनही राहिलं असतं. जखमीला दवाखान्यात नेऊ नका, असं म्हणतंय का पुस्तक?”

फरीदाने पान उलटलं. “नाही. प्रथमोपचार करा म्हणतंय.”

“मग लिही की तेच उत्तर! दुसऱ्या कुणाचं तरी मशिन वाचव.”

दुसऱ्या दिवशी पास झाल्याचा कागद घेऊन ती थेट वर्कशॉपवर आली. सरदार गुडघ्यांवर बसून ग्राइंडरने ते बोल्ट कापत होता. शेजारी किंचित लंगडत धम्मपाल टेबल सरकवत होता.

“भाभी, आता मीच रंगकामाचे ठेके घेतो. पहिली पॉलिसी माझी.”

टेबल मशिनच्या जागी लागताच सरदारने बाहीने खुर्ची पुसली. “बसा, एजंटबाई.”

फरीदा ताठ बसली. टेबलाखाली कापलेले बोल्ट अजून गरम होते; तिने पाय जरासे बाजूला घेतले.