झाकणाचं पातेलं

कुमुदचं कपाट उघडलं की साड्या अंगावर कोसळायच्या. "दुकान मांडायचंय का?" म्हणून देवदत्तांनी चाळीस वर्षं कटकट केली. आता तिला जाऊन चार महिने झाले होते आणि कपाट तसंच गच्च भरलेलं होतं. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी सगळ्या साड्या पडवीत आणून टाकल्या आणि रस्त्यावरून ओरडत चाललेल्या बोहारणीला हाक मारली.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई दरवर्षी मिरकरवाड्याकडून चढ चढून यायची. आज तिने एकाही साडीला हात लावला नाही.

"आधी काकूंना बोलवा. झाकणाच्या मोठ्या पातेल्यासाठी तीन वर्षं भांडतायत माझ्याशी. गणपतीला सगळे आले की भाताला लहान पडतं म्हणून."

"काकू गेल्या" एवढे दोन शब्द देवदत्तांच्या तोंडून फुटेनात. ते पुटपुटले, "तुला काय द्यायचं ते दे."

या दारात घासाघीस झाल्याशिवाय सौदा कधी झालाच नव्हता. बोहारणीने त्यांच्याकडे पाहिलं, आतल्या सामसूम घराकडे पाहिलं आणि ती समजली. मुकाट्याने तिने टोपलीतलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, त्यावर झाकण ठेवलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

संध्याकाळी देवदत्तांनी त्यात एकट्यापुरते तांदूळ घेतले. पातेल्याचा तळसुद्धा झाकला नाही.