शेवटच्या ओळीतले म्बाह वागिमन

अरे ऐका ना, मधे बोलू नका! दुपारचे तीन. ज्वालामुखीच्या माथ्यावर असा पाऊस, की राखेचा चिखल होऊन नदीतून सुटलेला. आमच्या पहाऱ्याच्या चौकीचे प्रमुख, सगळ्यांचे दादा, मास तेजो ओरडले, "न्दारू, सगळ्यांच्या फोनवर निरोप टाक! अर्धा तास आहे फक्त!"

निरोपाचा प्रोग्राम मीच लिहिलेला, पायथनमध्ये, आयुष्यातला पहिला. आधी लॉगिन, मग निरोप. नावं नि पासवर्ड साध्या टेक्स्ट फाइलीत, एका ओळीत एक माणूस.

मी माझं नाव टाकलं. 'पासवर्ड चुकीचा.' परत टाकलं. तेच. मास तेजोंचं टाकलं. तेच!

"तपासलं होतंस ना रे?"

"हो मास! पण तेव्हा फाइलीत एकटं माझंच नाव होतं."

"शाब्बास! म्हणजे तू वाचलास, गाव गेलं!"

चौकीत आम्ही अकरा जण, अकराही लॉगिनच्या बाहेर. यादीत उरले म्बाह वागिमन, आमच्यातले सगळ्यात म्हातारे पहारेकरी. चार महिन्यांपूर्वी वारलेले. पण माणूस गेल्यावर हजाराव्या दिवसाचं जेवण व्हायच्या आधी आपल्यात नाव कोण खोडतं? मी ते नुसतं तळाशी सरकवलेलं.

"मास... म्बाहंचं टाकू?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "टाक."

उघडलं की रे! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ओळ संपली की तिथे एक न दिसणारी खूण असते, माझा प्रोग्राम ती पण पासवर्डातच धरत होता. सगळ्यात शेवटच्या ओळीला खूणच नव्हती. एका शब्दाची दुरुस्ती, बस!

"नंतर कर ते! पाठव आधी!"

पाठवलं. पण खाली पाठवणाऱ्याचं नाव आपोआप लागतं, ते विसरलोच मी. एकशेचाळीस फोनवर गेलं: 'ताबडतोब निघा. वागिमन.'

लोक निघाले रे, कसे पळत निघाले! वीस मिनिटांत सगळे वर शाळेच्या मैदानात. तिथून मोजून कळवलं, एक कमी. म्बाहंची बायको, म्बाह सामिनेम. मी त्यांच्या नातीला फोन लावला.

"आजी? ती तर सगळ्यांच्या आधी निघाली. ठेवणीतलं बाटिकचं वस्त्र नेसून."

"अगं, मग आहे कुठे?"

"आजोबांनी बोलावलंय म्हणाली. मला वाटलं, तुमच्याकडेच आली..."

म्बाहंची कबर नदीकाठी आहे, अगदी पाण्याला लागून. मास तेजोंनी मोटरसायकलची किल्ली उचलली. तेवढ्यात खालून, नदीतून आवाज आला, दगडावर दगड घासल्यासारखा, थांबेचना. त्यांनी किल्ली परत टेबलावर ठेवली.